सहा गुंठे सोने

अकरावीला शास्त्र शाखा घ्यायची तर रोज तालुक्याला जावे लागले असते. एस.टी.चा पास परवडेना, म्हणून मी कला शाखेत आले. तेव्हा रसायन अभियांत्रिकीवर मी लिहावे हे कुणाला आगाऊपणाचे वाटेल. पण एका साध्या हिशेबाने मला ह्या विषयाकडे ओढले.

एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. आता त्याचे 10 नॅनोमीटर बाजूचे घन पाडा. (एका मिलिमीटरात 10 लाख नॅनोमीटर मावतात.) सोने तेवढेच राहते, पण सगळ्या तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ होते 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 6 गुंठे! आमच्या वाट्याची जमीनही तेवढीच. घन उत्प्रेरकाचे काम त्याच्या पृष्ठभागावरच चालते. अब्जांश तंत्रज्ञानाचे एक मोठे मर्म येथे आहे.

इतके बारीक झालेले सोने पिवळेही राहत नाही. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीचा उमेदवार असलेल्या मायकेल फॅरेडेने, पुढे शास्त्रज्ञ झाल्यावर, 1857 मध्ये लंडनला सोन्याच्या क्षारापासून माणकासारखे लाल द्रव तयार केले आणि हा रंग सूक्ष्म सुवर्णकणांचा आहे हे ओळखले. कोविडच्या घरगुती चाचणीपट्टीवरील लाल रेघ पुष्कळदा अशाच कणांची असते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी तर गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण घडवले. ते संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. हे सांगताच आई म्हणाली, "मग आपल्या चहात कसं गं सोनं दिसत नाही?" त्याआधी सोन्याचा क्षार आणावा लागतो, हे तिला समजावताना माझी तारांबळ उडाली.

कण परीक्षानळीत तयार झाले तरी रसायन अभियंत्याचे काम संपत नाही, खरे तर तेथूनच सुरू होते. दोन द्रावणे एकत्र येताच कणांची बीजे पडतात आणि ती वाढू लागतात. मोठ्या टाकीत ढवळणे सगळीकडे सारखे पोचत नाही. एका कोपऱ्यात बीजे आधी पडतात, दुसऱ्या कोपऱ्यात उशिरा. मग कण लहानमोठे होतात आणि त्यांचे गुणही बदलतात. घरच्या पातेल्यात जमलेली खीर पंगतीच्या हंड्यात खाली लागते, तसेच हे. म्हणून पदव्युत्तर वर्गातील संशोधक मोठ्या टाकीऐवजी केसासारख्या बारीक नळ्यांतून द्रावणे अखंड वाहवतात. तेथे मिश्रण क्षणात होते, आणि माल अधिक हवा असेल तर टाकी न वाढवता नळ्यांची संख्या वाढवता येते.