एक सनई, तीन खोल्या

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या साखरपुड्याला घरात सनई लावण्याचे काम तिच्या धाकट्या भावाने आपणहून अंगावर घेतले. तो दहावीत आहे. दिवाणखाना, माजघर आणि माडी अशा तीन ठिकाणी त्याने तीन छोटे बिनतारी स्पीकर ठेवले. तीन फोनमध्ये सनईवादनाची तासाभराची एकच फाईल घेतली, एकेक फोन एकेका स्पीकरला जोडला आणि दोन मित्रांना हाताशी धरून "एक, दोन, तीन!" म्हणत तिघांनी एकदम बटणे दाबली.

सुरुवातीला सनई जरा घुमल्यासारखी वाटत होती, एवढेच. पण पाऊण तासाने दोन खोल्यांमधल्या दारात उभे राहिले, की एकच सूर दोनदा ऐकू येऊ लागला. शेवटी कोणीतरी वैतागून दोन स्पीकर बंद केले. भाचा हिरमुसून माझ्याकडे आला. "मामा, आम्ही अगदी एकदम बटणं दाबली होती. मग बिघडलं कुठं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरेच विज्ञान दडलेले आहे. घरभर एकच गाणे वाजवणाऱ्या बिनतारी यंत्रणा आज बाजारात मिळतात. अमेरिकेत २००२ साली स्थापन झालेल्या सोनॉस या कंपनीने अशी यंत्रणा २००५ साली विक्रीला आणली. पुढे अनेक कंपन्यांनी आणल्या. गाणे एका खोलीतून दुसरीत बिनतारी पाठवणे हे त्यांतले अवघड काम नव्हेच. अवघड आहे ते सर्व स्पीकरांना "आत्ता" या शब्दाचा एकच अर्थ समजावणे. ते कसे करतात, हे आज आपण पाहू या.

किती उशीर चालतो?

प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनीनंतर ०.१ सेकंद जावा लागतो, असे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. ते ढोबळ मानाने खरे आहे. पण कान त्याहून चोखंदळ आहे. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली याचा पद्धतशीर अभ्यास केला. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंत (म्हणजे सेकंदाच्या ३० सहस्रांशांपर्यंत) आपला मेंदू दोन्ही ध्वनी एकत्र करतो आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेने आवाज आला असे मानतो. बोलण्याच्या बाबतीत ५० मिलिसेकंदांच्या पुढे दुसरा आवाज त्रास देऊ लागतो. तबल्याच्या थापेसारखा तुटक आवाज लवकर फुटतो, सनईचा लांब सूर थोडी अधिक सवलत देतो.

आता हिशेब करू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. समजा, तुम्ही दारात उभे आहात. एक स्पीकर तुमच्यापासून २ मीटरवर आणि दुसरा १० मीटरवर आहे. अंतरातला फरक ८ मीटर; म्हणून दुसरा आवाज ८ ÷ ३४० = ०.०२४ सेकंद, म्हणजे २४ मिलिसेकंद उशिरा येणार. तीसपैकी चोवीस मिलिसेकंद तर हवेनेच खाल्ले! यंत्रांच्या चुकीसाठी उरले फक्त सहा.

एकाच खोलीत डावा आणि उजवा अशी स्पीकरांची जोडी असेल, तर अट याहून कडक असते. एका बाजूने आलेला ध्वनी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे पोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद लागतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. एक स्पीकर १ मिलिसेकंद मागे पडणे म्हणजे तो ३४ सेंटिमीटर मागे सरकवण्यासारखेच आहे. गायक मधोमध बसल्याचा भास तेवढ्याने मोडतो.

प्रत्येकाचे घड्याळ निराळे

बटण दाबताना माणसाच्या हातून दशांश सेकंदाची चूक सहज होते. शिवाय बटण दाबल्यापासून स्पीकरमधून आवाज निघेपर्यंत प्रत्येक यंत्र स्वतःचा असा थोडा वेळ घेते. पण हे सारे सुरुवातीचे झाले. मग नंतर फरक वाढत का गेला?

भिंतीवरचे क्वार्ट्झचे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे जाते, हा तुमचा अनुभव असेल. प्रत्येक डिजिटल यंत्रातही क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांवर सारा कारभार चालतो. सीडीच्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात. ते किती वेगाने वाजवायचे, हे स्फटिक ठरवतो. आता दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. त्यांत दहा लाखांत २० भाग इतकी चूक सहज असू शकते. एक स्फटिक तेवढा पुढे धावणारा आणि दुसरा तेवढाच मागे रेंगाळणारा असला, तर फरक होतो दहा लाखांत ४०. म्हणजे दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंद; आणि तासाला ४० × ३,६०० = १,४४,००० मायक्रोसेकंद, अर्थात १४४ मिलिसेकंद. आपली मर्यादा होती तीसची! भाच्याने बटणे कितीही अचूक दाबली असती, तरी तासाभरात सनई फुटायची ती फुटलीच असती.

घड्याळे जुळवायची कशी?

लेझीमचे मोठे पथक आठवा. हलगी पथकाच्या एका टोकाला वाजत असते. ६८ मीटर दूर असलेल्या मुलाला तिचा ठेका ०.२ सेकंद उशिरा ऐकू येतो. तो नुसता कानावर विसंबला तर मागे पडणार. म्हणून शहाणा खेळाडू पुढच्या म्होरक्याच्या हाताकडे पाहतो, कारण प्रकाशाला लागणारा वेळ नगण्य असतो. स्पीकरही असेच करतात. त्यांच्यातला एक म्होरक्या होतो आणि बाकीचे रेडिओ तरंगांनी त्याच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवतात. रेडिओ तरंग प्रकाशाच्याच वेगाने जातात. १० मीटर जायला त्यांना सेकंदाचा सुमारे तीन कोटीवा भाग पुरतो.

पण इथे एक मेख आहे. तरंग वेगवान असले तरी निरोप रखडतो. घरातील सर्व वाय-फाय यंत्रे एकच वाट वापरतात. एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे, असा नियम आहे. त्यामुळे निरोप कधी दोन मिलिसेकंदांत पोचतो, तर कधी वीस. मग "आत्ता माझ्या घड्याळात अमुक वाजले" हा निरोप पोचेपर्यंत शिळा झालेला असतो. यावरचा उपाय सुरेख आहे आणि तो तुम्ही वर्गात करून पाहू शकता.

तुम्ही तळमजल्यावर आहात, मित्र वरच्या मजल्यावर. दोघांची घड्याळे जुळत नाहीत. तुम्ही एका मुलाबरोबर चिठ्ठी पाठवता आणि तिच्यावर आपल्या घड्याळातील वेळ लिहिता : १० वाजून ० मिनिटे ० सेकंद. मित्राला ती मिळते तेव्हा त्याच्या घड्याळात १०-०३-२० झालेले असतात. तो हे लिहितो आणि १०-०३-३० वाजता चिठ्ठी परत धाडतो. ती तुमच्या हाती पडते तेव्हा तुमच्याकडे १०-००-५० वाजलेले असतात. एकूण ५० सेकंद गेले. त्यांतले १० मित्राकडे. म्हणजे जाण्यायेण्यात ४० आणि एका फेरीत २० सेकंद. तेव्हा चिठ्ठी वर पोचली त्या क्षणी तुमच्या घड्याळात १०-००-२० झाले असणार, आणि मित्राच्या घड्याळात होते १०-०३-२०. तुमचे घड्याळ बरोबर ३ मिनिटे मागे आहे!

यात आपण जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असे गृहीत धरले. जिना चढायला २५ आणि उतरायला १५ सेकंद लागले असतील, तर उत्तर ५ सेकंदांनी, म्हणजे फरकाच्या निम्म्याने चुकेल. म्हणून यंत्रे एकदा विचारून थांबत नाहीत. ती पुन्हापुन्हा विचारतात आणि जी फेरी सर्वांत लवकर झाली तिच्यावर अधिक विश्वास ठेवतात. कारण लवकर झालेल्या फेरीत रखडायला वावच कमी असतो. जगभरचे संगणक आपली घड्याळे याच तत्त्वाने जुळवतात. त्याचे नियम अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले होते.

गच्चीवरची टाकी

घड्याळे जुळली, तरी गाणे रखडत-धडपडत येणार त्याचे काय? आपल्याकडे नळाला पाणी कधी येते, कधी जाते. पण गच्चीवर टाकी असली की घरातला नळ संथ वाहतो. स्पीकरही तेच करतो. आलेले गाणे तो आधी स्मृतीत साठवतो. गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर म्होरक्याने वेळेचा शिक्का मारलेला असतो : "हा तुकडा अमुक क्षणी वाजवा." तो क्षण साधारण एक सेकंद पुढचा असतो. तोपर्यंत तुकडा सर्वांच्या टाकीत पोचतो आणि मग सगळे एकदम वाजवतात. वाजवताना आपण मागे पडत आहोत असे स्पीकरला दिसले, तर तो ४४,१०० नमुन्यांतून एखादा गाळतो. पुढे जात असेल तर एखादा दोनदा वाजवतो. वर काढलेल्या फरकासाठी सेकंदाला दोन नमुनेदेखील पुरतात. कानाला त्याचा पत्ता लागत नाही.

मात्र टाकीची किंमत मोजावी लागते ती उशिराच्या रूपाने. गाण्याला एक सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही. पण दूरदर्शन संचावर ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील. शाळेच्या सभागृहात मायक्रोफोनवर बोलणाऱ्याला तर स्वतःचेच बोलणे सेकंदाने ऐकून पुढचे वाक्य सुचणार नाही. अशा जागी तारच बरी.

मांडणी आणि ताबा

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. ब्लूटूथचा नेहमीचा प्रकार जवळच्या एका जोडीसाठी आहे. घरभर ध्वनीसाठी वाय-फायवर चालणारे आणि एकमेकांशी जुळणारे स्पीकर हवेत. ते सर्व एकाच वाय-फाय जाळ्यात जोडा. वाय-फायचा राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. लोखंडी कपाट, सळयांचे काँक्रीट आणि पाण्याची टाकी हे या तरंगांचे वैरी. २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी १२.५ सेंटिमीटर असते. तो भिंतीतून बरा पार होतो, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच गोंधळ घालते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतीपुढे तो लवकर हार मानतो. दूरच्या खोलीत गाणे तुटत असेल तर आधी स्पीकर हातभर सरकवून पाहा. पुष्कळदा तेवढे पुरते.

प्रत्येक स्पीकरला खोलीचे नाव द्या, मग हव्या त्या खोल्यांचा गट करा. फोन कुठे काम करतो हेही समजून घ्या. काही यंत्रणांत फोन नुसता हुकूम देतो आणि गाणे स्पीकर स्वतः आणतो. अशा वेळी फोन घेऊन बाहेर गेलात तरी गाणे चालू राहते. काहींत फोनच गाणे पुरवतो. तो गेला की गाणे गेले. आवाजाचे दोन ताबे असतात, एक प्रत्येक खोलीचा आणि एक साऱ्या गटाचा. आधी खोल्यांचा मेळ बसवा, मग गटाचा ताबा वापरा. आणि शेजाऱ्यांचा विसर पडू देऊ नका. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे.

करून पाहा

दर सेकंदाला एक "टक्" असणारी एकच फाईल दोन फोनांत घ्या आणि त्यांच्याच स्पीकरवर एकदम सुरू करा. तिसऱ्या फोनवर सुरुवातीचा अर्धा मिनिट आणि अर्ध्या तासानंतरचा अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करा. संगणकावर तरंगाचे चित्र उघडून दोन "टक्"मधले अंतर दोन्ही वेळा मोजा. किती वाढले? त्यावरून तुमच्या फोनांच्या स्फटिकांतील फरक दहा लाखांत किती, ते काढा.

शिक्षकांना आणखी पुढे जायचे असेल, तर स्नॅपकास्ट नावाचा मोफत कार्यक्रम आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकांवर तो चालतो आणि वर सांगितलेली टाकी, शिक्के व नमुने गाळणे हे सारे त्यात उघडपणे पाहता येते.

माझ्या भाच्याने आणि मी सुटीत तसेच केले. बहिणीच्या लग्नाआधीच्या पूजेला तीन खोल्यांत पुन्हा सनई लागली. तासाभराने तो दारात जाऊन उभा राहिला, एक कान दिवाणखान्याकडे आणि दुसरा माजघराकडे करून. सूर एकच होता. बटण मात्र या वेळी एकानेच दाबले होते.