ऑपरेशनची जागा घाईत ठरवू नकोस

अगं, मामंजींच्या अन्ननलिकेतल्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आल्यापासून घरात सगळ्यांचं एकच चाललंय, 'काढून टाका एकदाची.' कळतं मला. ताकात कुस्करलेली भाकरसुद्धा घशाखाली उतरत नाही, असं माणूस समोर बघवत नाही. पण थोरली म्हणून सांगते, वऱ्हाडातल्या मालेगावहून जवळचा दवाखाना कोणता आणि ओळखीचं कोण आहे, यावर ऑपरेशनची जागा ठरवू नकोस.

हे अपेंडिक्ससारखं ऑपरेशन नाही. अन्ननलिका काढतात, जठराची नळी करतात आणि ती वर ओढून जोडतात. तो जोड पुढच्या काही दिवसांत गळू शकतो, मोठ्या दवाखान्यातही गळतो. पण जिथं ही ऑपरेशनं नेहमीची असतात, तिथं रात्री ताप चढला की नर्सलाच शंका येते, लगेच सीटी स्कॅन होतो, आयसीयूतली माणसं तयार असतात. जीव वाचतो तो तिथं.

अमेरिकेतल्या बर्कमायर या सर्जननी २००७ मध्ये वयस्क रुग्णांचा हिशेब मांडला. अन्ननलिकेची ऑपरेशनं क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत पाच वर्षांनी शंभरातले १७ जण हयात होते, भरपूर होणाऱ्या रुग्णालयांत ३४. दुप्पट गं! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला मात्र ४५ आणि ४८, म्हणजे फारसा फरक नाही. प्रत्येक कॅन्सरला मुंबई गाठायला हवी असं मी म्हणत नाही, पण या कॅन्सरला जागा बघावीच लागते.

म्हणून सर्जनना सरळ विचार, 'डॉक्टरसाहेब, अन्ननलिकेची ऑपरेशनं तुमच्याकडं वर्षाला किती होतात?' भीड धरू नकोस, चांगला डॉक्टर रागावत नाही. आधी केमो आणि रेडिएशनचा शेक द्यायचा का, हेही विचार. काही रुग्णांना त्यानं खूप फायदा होतो, आणि ऑपरेशन उरकल्यावर ती संधी परत येत नाही.

नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. परळच्या टाटाला जायचं ठरलं, तर अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरा. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहायची सोय होते. आपल्या वऱ्हाडातल्या शेणगावचे बाबा, त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत आपल्या माणसांना आसरा देते, मला याचं फार वाटतं. खर्चासाठी शेत विकायच्या गोष्टी आत्ताच नकोत. आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं महात्मा फुले योजनेची चौकशी कर. ऑपरेशननंतरच्या बऱ्याच तपासण्या जवळपासही होतील.

तोवर मामंजींची तंबाखू बंद, चिमूटभरसुद्धा नको. डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं श्वास ओढायचं यंत्र दिलं की रोज करून घे. वजन घटत असेल आणि नळीनं खाणं द्यायला सांगितलं, तर नाही म्हणू नकोस. आणि लॅबमधून बायोप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक उद्याच मागून घे. मोठ्या ठिकाणी ते स्वतः बघतात, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.