जुहूच्या बेटावरील टपाल

मुंबईच्या उत्तरेस, साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून जुहू आहे. आज ते मुंबईचे गजबजलेले उपनगर आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात ते वाळूचे एक लांबट, अरुंद बेट होते. ओहोटीच्या वेळी लोक पाणी तुडवीत तेथे जात. पुढे १९२८ साली याच ठिकाणी विमानतळ झाला.

त्या काळी परदेशचे पत्र आगबोटीने येण्यास आठवडे लागत. सातारा जिल्ह्यातील अनेक जवान पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेले होते. कृष्णा व तारळी यांच्या संगमावरील उंब्रजसारख्या गावी पत्राला उशीर झाला, की घरच्यांच्या जिवाला घोर लागे. टपाल लवकर पोहोचविणे म्हणजे मनांवरचे ओझे हलके करणेच होते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीहून ‘पस मॉथ’ जातीचे एक लहान विमान निघाले. त्याला इंजिन एकच होते आणि आत माणूसही एकच होता. ते होते अठ्ठावीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. १९२९ साली भारतातील पहिला वैमानिक परवाना त्यांनीच मिळविला होता. लंडनहून कराचीपर्यंत आलेले सुमारे २५ किलोग्रॅम टपाल त्यांच्याजवळ होते. वाट दाखविणारे बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि स्वतःचे डोळे हीच साधने. कराची व अहमदाबाद यांच्यामध्ये कच्छचे विस्तीर्ण रण पसरलेले आहे. तेथे इंजिन बंद पडले असते, तर मदतीला कोण धावणार होते?

अहमदाबादेस विमान उतरले. तेथे इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून! जुन्या युगाने नव्या युगाला दिलेला तो हातच म्हणावा. दुपारी विमान जुहूस सुखरूप पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासकडे नेले.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याने भरून जाई. तेव्हा सेवेचा तळ पुण्यास हलवावा लागे. परंतु टपाल थांबले नाही. याच लहानशा सेवेतून पुढे ‘एअर इंडिया’ उभी राहिली. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी कराची ते मुंबई हा प्रवास लहान विमानातून पुन्हा एकट्याने केला.

विमान लहान होते, ओझेही थोडे होते. पण दुसऱ्याची वस्तू वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारी मोठी होती. ती ज्याने ओळखली, त्याच्या हातून मोठे कार्य घडले.

अभ्यास

१. जुहूचे पूर्वीचे स्वरूप कसे होते?
२. टाटांच्या प्रवासात कोणते धोके होते?
३. ‘जुन्या युगाने नव्या युगाला दिलेला हात’ असे लेखकाने कशास म्हटले आहे?
४. ‘जिवाला घोर लागणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.