नाशिकला जाल तर एवढे पाहून या



आपल्या भोर-वेल्ह्यातून नाशिकला पुष्कळ मंडळी जातात. गोदावरीत रामकुंडावर स्नान, पंचवटीत काळारामाचे दर्शन, पुढे त्र्यंबकेश्वर, की लगेच परतीची एस.टी. याच काळारामापुढे १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. तेही मुलाबाळांना सांगावे.

पण ऊसवाल्याने एक दिवस जास्त काढावा आणि गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे व वाइनचे कारखाने पाहावेत. प्यायला नव्हे हो, शिकायला!

वाइनचे गणित आपल्या ओळखीचेच आहे. रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचा अल्कोहोल होतो. म्हणून तोडणीआधी मळ्यात ब्रिक्स मोजतात. गोडी व आंबटपणा जुळला की जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. वेलीवर घडही मोजकेच ठेवतात. माल कमी, पण प्रत चांगली. आपल्या उसाचा एफआरपी मात्र साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. तेव्हा एकाने कोवळा वा पाचटासकट ऊस घातला, तर तोटा सर्वांना वाटून येतो.

दुसरा धडा कडू आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणले. वाइनचे कारखाने वाढले, तशा लागवडीही वाढल्या. २००८ नंतर मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि खरेदी आखडली. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. बाजारात त्याला कोण विचारतो? अनेकांनी उभ्या बागा उपटल्या.

ऊसही तसाच. घेणारा कारखाना नसेल तर तो घरात ठेवता येत नाही. फरक एवढाच, की करारावर द्राक्ष देणारा नुसता माल देणारा असतो. आपण शेअर घेतलेले मालक आहोत. पण वार्षिक सभेला न जाणारा, ताळेबंद न वाचणारा मालक कसला?

म्हणून कोणी नव्या पिकाचा करार पुढे केला, तर सहीआधी तीन गोष्टी विचारा: भाव कशावर ठरणार? पैसे किती दिवसांत मिळणार? आणि त्याने माल नाकारला तर दुसरा घेणारा कोण?

गोदेचे तीर्थ आणालच. सोबत हे तीन प्रश्नही नीरेकाठी घेऊन या.