उन्हाळ्यातील सौर प्रकाश सापळा आणि पॉलिमर फ्यूज

वळवाच्या किंवा मान्सूनच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात. या किडीची वर्षात एकच पिढी होत असल्याने सापळ्यासाठी हे मोजके दिवस मोलाचे असतात. नेमक्या याच काळात काही सौर सापळ्यांचे दिवे लागत नाहीत. संध्याकाळी तपासणी केल्यास पॅनेल व तारा निर्दोष आढळतात. बॅटरी मात्र उतरलेली असते. अशा वेळी चार्जिंग मार्गात पॉलिमर फ्यूज असल्यास त्याकडे लक्ष द्यावे.

हा फ्यूज पॉलिएथिलीन व कार्बनची काजळी यांच्या मिश्रणाचा असतो. सामान्य तापमानास कार्बनचे कण एकमेकांना चिकटून साखळ्या तयार करतात व त्यांतून वीज सहज वाहते. अतिरिक्त प्रवाहाने तापून मिश्रण सुमारे 125 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की पॉलिमरचे स्फटिक वितळतात, ते प्रसरण पावते आणि साखळ्या तुटतात. विद्युतरोध हजारो पटींनी वाढतो. प्रवाह थांबून फ्यूज थंड झाला की साखळ्या पुन्हा जुळतात.

फ्यूजवरील अंक सुमारे 20 ते 25 अंश तापमानासाठी असतो. पेटीत 60 अंश तापमान असल्यास त्याची क्षमता साधारण 60 टक्क्यांवर येते, म्हणजे 2.5 अँपिअरचा फ्यूज सुमारे 1.5 अँपिअरच सांभाळतो. पॅनेल 2 अँपिअर देत असेल, तर तो भर दुपारी प्रवाह अडवतो. सूर्य कलल्यावर तो पूर्ववत होतो, म्हणूनच संध्याकाळी दोष सापडत नाही.

निदानासाठी दुपारी चार्जिंग सुरू असताना फ्यूजच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याजवळ असल्यास फ्यूज सुस्थितीत आहे. काही व्होल्ट आढळल्यास त्याने प्रवाह अडवला आहे.

उपाय साधे आहेत. पॅनेल उन्हात ठेवून पेटी सावलीत बसवावी, तिला पांढरा रंग द्यावा व हवा खेळती ठेवावी. तरीही अडचण राहिल्यास उत्पादकाच्या सल्ल्याने, पेटीतील तापमान गृहीत धरून फ्यूज निवडावा. वारंवार तुटून जुळलेल्या फ्यूजचा मूळ रोध किंचित वाढतो. असा फ्यूज बदलावा.

फ्यूज काढून त्या जागी तार मात्र कधीही जोडू नये. शॉर्ट सर्किट झाल्यास बॅटरीचा संपूर्ण प्रवाह त्या तारेतून वाहून आग लागू शकते. मे महिन्याच्या प्रारंभी एका दुपारी केलेली ही तपासणी हंगामातील महत्त्वाच्या रात्री वाचवते.