विजेच्या खुर्चीवरील फुटबॉल

सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे सैनिक श्री. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत जखमी होऊन अपंग झाले. तरी १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें त्यांनीं पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांच्या बाहूंत बळ होतें. परंतु ज्या मुलाच्या हातांतही बळ नाहीं, त्यानें काय खेळावें? त्याच्यासाठीं विजेच्या खुर्चीवरील फुटबॉल आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००७ सालीं टोकियो येथें झाली.

प्रत्येक बाजूस चार गडी असतात. मैदान बास्केटबॉलचें व चेंडू ३३ सेंटिमीटर व्यासाचा. खुर्चीपुढें बसविलेल्या मजबूत पायरक्षकानें चेंडू टोलवितात. खुर्च्यांची गर्दी होऊं नये म्हणून चेंडूपासून ३ मीटरच्या आंत प्रत्येक बाजूचा एकच गडी असावा, असा नियम आहे. आपल्या गोलापुढील गोलरक्षकास मात्र त्यांतून सूट आहे.

खुर्चीस ताशीं १० किलोमीटरहून अधिक वेग चालत नाहीं. तेव्हां पालकांनीं केवळ वेगावर भुलूं नये. पाठीस व मानेस आधार मिळतो काय, कमरपट्टा नीट बसतो काय, चालविण्याची दांडी बोटानें अथवा हनुवटीनें सहज हलते काय, हें प्रथम पाहावें. पायरक्षकास धारदार कोपरे नसावेत. सावर्ड्याच्या जांभ्याच्या खडबडीत पटांगणावर हा खेळ जमणार नाहीं. सपाट फरशीचें सभागृहच हवें. आणि बुटाचें माप जसें पायावरून घेतात, तसें खुर्चीचें माप मुलास बसवूनच घ्यावें.