दांडी स्टिअरिंगलाच राहू दे

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरला पाच गिअरचा बॉक्स बसवायचा, पण दांडी स्टिअरिंगलाच ठेवायची, हा तुझा हट्ट मला पटला. दांडी खाली आली की पुढच्या अखंड सीटवर मध्ये कोणी बसायचं नाही. कंपनीनंच पुढे १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाबरोबर पाच गिअर दिले, पण दांडी फ्लोअरला नेली. तुला उलटं करायचंय, तेव्हा नीट ऐक.

आधी पत्रा कापू नकोस. पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बॉडी, चासी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. अ‍ॅम्बॅसेडरला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणून आधी आरटीओत विचार, मग ग्राइंडर हातात घे.

इंजिनाला नवा बॉक्स जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट कोल्हापुरात उद्यमनगरातल्या चांगल्या टर्नरकडून करून घे. बॉक्सची शाफ्ट क्रँकच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे, नाहीतर बेअरिंग गेलंच समज. ते काम त्याचं. खरा घोळ होतो लिंकेजमध्ये.

स्टिअरिंगच्या दांडीच्या शाफ्टला दोनच चाली: कॉलमच्या लांबीत वर-खाली सरकली की गल्ली निवडली जाते, फिरली की गिअर पडतो. फ्लोअरच्या बॉक्सलाही दोनच लागतात, आडवी आणि पुढे-मागे. फिरण्याची चाल रॉडनं पुढे-मागेला जोड, वर-खालीची केबल आणि बेलक्रँकनं आडवीला. आता गंमत बघ. फ्लोअरची दांडी पुढे ढकलली की तिचं खालचं टोक मागे जातं. तू रॉड थेट त्या टोकाला जोडणार, म्हणजे दिशा उलटू शकते आणि पहिल्याच्या जागी दुसरा पडतो. बोल्ट आवळण्याआधी हातानं सगळे गिअर टाकून बघ.

मग माप. गिअर पूर्ण पडायला खालचं टोक किती सरकतं ते बॉक्सवरच मोज आणि कॉलमच्या आर्मला तीन भोकं पाड. लांबच्या भोकात चाल वाढते, हात जड होतो. कॉलमची दांडी अडायच्या आधी बॉक्समध्ये ‘टक्’ झालं पाहिजे. आधी दांडी अडली तर गिअर अर्धाच लागतो आणि चढाला निसटतो.

बऱ्याच पाच गिअरच्या बॉक्सांत पाचवा आणि रिव्हर्स एकाच गल्लीत असतात. त्या गल्लीला कडक स्प्रिंग हवी. चौथ्याला जाताना हात चुकून रिव्हर्सकडे गेला तर आवाजच सांगेल.

बुश नवे घाल, पितळी चालतील. प्रत्येक सांध्यातला थोडा थोडा प्ले वरच्या टोकाला बोटभर होतो. रॉड फार ताणूनही बसवू नकोस. रबरी फाउंडेशनवर इंजिन हलतं, त्याला मोकळीक नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गिअर बाहेर येतो. सेटिंग झाल्यावर इंजिन चालू ठेवून, क्लच दाबून परत सगळे गिअर फिरव.

आणि सांध्यांना स्प्लिट पिनच घाल. आपल्याकडे तार वळवून काम भागवायची सवय आहे, ती इथे चालायची नाही. घाटात रॉड सुटला की गाडी ज्या गिअरमध्ये असते, त्यातच राहते.